बायसिकलवरून कल्याणास गेलेला पीतांबर

काशीहून आलेले लोक गंगेची कुपी दाखवतात, विलायतेहून आलेले टोपी दाखवतात. मी ठाणे-कल्याण करून आलो. मजजवळ दाखवायला गुडघ्यांवरच्या खपल्या आहेत, आणि त्याही आता पडत चालल्या. गिरगावातले स्नेही म्हणतात, "ठाणे-कल्याण हा काय प्रवास झाला? सकाळच्या गाडीनं जावं, जेवून संध्याकाळी परत यावं." ह्या लोकांनी ती गावं आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेली. मी ती बायसिकलवर बसून पाहिली, आणि बायसिकलवर बसलेल्या माणसापासून रस्त्यातला एक दगडही लपून राहत नाही.

ही बायसिकल आमच्या कचेरीतला साहेब विलायतेस परत जाताना मला देऊन गेला. माझ्या अक्षरावर खूष होऊन दिली, असं मी सांगतो. कचेरीतले लोक सांगतात की साहेब तिच्यावरून इतक्यांदा आपटला होता की ती कुणाच्या तरी गळ्यात घातल्याशिवाय त्याचा जीव जहाजात बसेना. ते काही असो. तिला हवा भरलेल्या रबराच्या धावा आहेत, कातड्याची बैठक आहे, आणि तिचा स्वभाव आमच्या थोरल्या आत्याबाईंसारखा आहे: नेईल तिकडे जावं, मध्ये बोलू नये.

जाण्याचं निमित्त दुहेरी. एक तर आमच्या आळीत हल्ली जो तो अंगात मँचेस्टरचा सदरा घालून देशी मालावर व्याख्यानं झोडतो. म्हटलं, हातानं केलेला माल अजून कुठं होतो तरी का, हे एकदा जाऊन पाहावं. दुसरं म्हणजे कल्याणच्या अंबूमावशीचा निरोप आला होता. तिच्या यमूचं लग्न माघात ठरलेलं, आणि मावशीला यमूसाठी पीतांबर हवा होता. तोही ठाण्यात विणलेला. मावशीच्या स्वतःच्या लग्नातला पीतांबर ठाण्याचा. ती अजून तो नेसून स्वयंपाक करते आणि त्याची चमक पाहून चुलीला लाज वाटते, असं आमच्या घराण्यात सांगतात. सांगणारा मीच.

ठाणे

स्टेशनात गार्डाच्या डब्यातून बायसिकल उतरवली तेव्हा हमाल तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "रावसाहेब, हिला बैल कुठं जुंपायचा?"

"बैल मीच," मी म्हटलं. त्याला पटलं.

ठाण्यात बायसिकली आहेत. संध्याकाळी मासुंद्याच्या तळ्याभोवती तीन वकील आपापली गाडी घेऊन निघतात: पगडी, कोट, धोतराचा काचा वर खोचलेला, आणि चेहऱ्यावर हायकोर्टात उभं राहिल्यासारखा भाव. ह्या तिघांना चालवता उत्तम येतं. थांबवता एकालाही येत नाही. तेव्हा प्रत्येकानं आपलं एकेक झाड ठरवून घेतलं आहे. फेरी पुरी झाली की ज्यानं त्यानं आपल्या झाडाला जाऊन मिठी मारायची आणि खाली उतरायचं. थोरल्या वकिलांचा कडुनिंब रोजच्या मिठीनं चांगला हातभर तळ्याकडे झुकला आहे. मी नवखा, मला झाड नव्हतं. मी तळ्यातच थांबलो.

"पाणी खोल नाही," थोरले वकील झाडाला धरूनच म्हणाले. "आम्ही तिघेही पाहून आलो आहोत."

ओल्या धोतरानं काशीबाईंच्या खानावळीत गेलो. ही खानावळ कोर्टकचेरीच्या मागे आहे आणि ती कज्ज्यांवर चालते. पंगतीत मला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि आमसुलाचं सार वाढलं. बिरडं असं की त्यासाठी मी खोटी साक्षसुद्धा दिली असती. शेजारच्या पानावर एक म्हातारा भाताशी नुसता खेळत होता.

"हरले," काशीबाई माझ्या पानावर वाकून हळूच म्हणाल्या. "जिंकलेला तूप मागतो, हरलेला भात टाकतो. माझ्याकडे तूप फार खपत नाही हो."

मी त्यांना रेशमाची आळी विचारली.

"आळी आहे, रेशीम नाही. पास्कू तेवढा उरलाय. तोही कधी जाईल नेम नाही. माग ऐकू आला तर समजा आहे."

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरांतून ज्या सोवळ्याच्या रेशमी वस्त्रानं देवाला फूल वाहायचं आणि जेवायला बसायचं, ते वस्त्र ठाण्यात पिढ्यान् पिढ्या विणत आले ते किरिस्ताव लोक. त्यांच्या घरचं पाणी आम्ही पिणार नाही. त्यांच्या हातचं रेशीम नेसल्याशिवाय देवासमोर बसणार नाही. ह्यात कुणाला आजवर काही खटकलं नाही. रेशमाला विटाळ नाही, झालं.

माग ऐकू आला. पण एकच. एके काळी ह्या आळीत इतके माग चालत की बोलायचं झालं तर लोकांना खाडीच्या पलीकडे जावं लागे, असं मी ऐकलं आहे. आता एका बाजूची घरं बंद, दुसऱ्या बाजूला शेळ्या, आणि मध्येच कुठून तरी खट्-खट्, खट्-खट्. एकटा माणूस रिकाम्या देवळात टाळ्या वाजवीत बसला तर कसं वाटेल, तसा तो आवाज.

पास्कू जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. वय झालेला, कृश, गळ्यात क्रूस. पाय खाली पावट्या दाबीत होते, हात वर धोटा फेकीत होते आणि डोळे माझ्या ओल्या धोतरावर होते. मागावर पीतांबर होता. पिवळा म्हणावा तर उन्हाला राग येईल, काठ जांभळा. तोंडातून शब्द निघेना, आणि माझ्या बाबतीत हे वर्तमानपत्रात छापण्यासारखं आहे. कल्याणच्या मावशीचं काम कसंबसं सांगितलं.

"दोन हात विणाचा ऱ्हायला. आजची रात धरली तं सकालला उतरंल," पास्कू म्हणाला. "त्याच्याफुडं मागावर नवा ताणा लावाचा का नाय, त्या देवबापाला ठाव."

"का?"

उत्तर त्याच्या बायकोनं दिलं. मार्था रेशमाची लड उलगडीत दारात बसली होती. "मुंबयचे गिरणीन जागा हाय यांना. मुकादम बोलला, आयतवारपर्यंत ये, नायतर दुसरा बगतो. यांचे पाय या खड्ड्यातशी निगंत नाय."

"गिरणीन माना काय करायला लावतील ठाव हाय?" पास्कू मला म्हणाला. "तुटलेला सूत जोरायचा. दीसभर. विणंल ती मशीन."

"मग जाऊ नका."

"नको जाव? हा एक लुगरा कल्यानला जाल. त्याच्याफुडं? आदी कल्यानचे बाया वरसाचे वरसाला मागवीत. आता भायेरचा रेशीम येतंय पेटीन. चार घरांशी सबूद आला का आमचे हातचा पायजे, तं मी ताणा लावीन. नाय आला तं आयतवारची मिसा झाली का जातू."

आता माझा स्वभाव. मी बायसिकलच्या घंटीवर मूठ आपटून म्हटलं, "पास्कूबाबा, चार घरं? अख्खं कल्याण तुमच्या दारात लोटून देतो. माझी अंबूमावशी नुसती 'छान' म्हणाली की कल्याणच्या बायका पाण्याचे हंडे टाकून धावतात. तुम्हाला दुसरा खड्डा खणावा लागेल!"

पास्कू हसला. मार्था हसली नाही. तिनं विचारलं, "आनि तुमी ह्या गारीवरशी नेणार?"

तिला काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं. बैठक कातड्याची, सोवळ्याच्या वस्त्राला कातडं लागून चालत नाही. मी काय कालचा आहे? सकाळी पीतांबर उतरला, दाम मावशीच्या पसंतीनंतर द्यायचं ठरलं, तेव्हा मी बरोबर आणलेली लोकरीची धाबळी काढली. लोकर सोवळ्याला चालते. धाबळीत पीतांबर गुंडाळला आणि वळकटी पुढच्या दांड्याला टांगली, बैठकीपासून चांगली दूर. मार्थानं ती गाठ दोनदा ओढून पाहिली.

शिळेचा फाटा

कळव्याचा पूल ओलांडला की डाव्या हाताला खाडी आणि मिठागरं, उजव्या हाताला पारसिकचा डोंगर. थंडीचे दिवस, मिठाचे ढीग उन्हात असे पांढरे की बगळे त्यांच्यावर उतरायला कचरत होते, स्वतः मळके दिसू म्हणून. मुंब्र्यापुढच्या उतारावर बायसिकलनं माझ्या हातातून कारभार काढून घेतला. मी एका बैलगाडीला, एका टांग्याला आणि, शपथेवर सांगतो, एका ससाण्याला मागे टाकलं. थांबायला झाड शोधीत होतो. बाभळीचं मिळालं.

उठून पाहतो तो पुढच्या धावेत काटा आणि हवा सगळी बाहेर. वळकटी सुखरूप. मी गाडी ढकलीत शिळेच्या फाट्यापर्यंत आलो. तिथं चिंचेखाली एक आगरीण बाई टोपलीत तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी घेऊन बसली होती. आम्ही मासे खाणारे लोक, तिथंच फतकल मारली. चटणीनं डोळ्यांतून, नाकातून, आणि मला वाटतं कानांतूनही पाणी आलं.

"काय गो बाय, गिऱ्हाईक कोण?"

"तू."

"आणि?"

"आनि कोन नाय. माजी सासू हितं बसाची तवा गाऱ्यांची रांग त्या डोंगराशी जायाची. भाताच्या गाऱ्या, मिठाच्या गाऱ्या. आता आगीनगारी सगला खाऊन गेली. मी एक टोपला आनतंय. उरला का घरा नेतंय."

"मग येतेस कशाला?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तिला श्वास कशाला घेतेस म्हणून विचारलं असावं. "कोनी आला तं?" ती म्हणाली.

डोंबिवली

फाट्यापासून बांधाबांधानं डोंबिवली. इथं एक स्टेशन आहे. त्याच्याभोवती भाताची खाचरं, आणि खाचरांच्या पलीकडे गाव, तेही विचारावं लागतं. स्टेशनमास्तर बाकावर आडवे होते. माणूस आलेला पाहून गडबडून उठले आणि टोपी घातली.

"उतरलात?"

"नाही, चालत आलो."

"मग ठीक." टोपी काढून ते पुन्हा आडवे झाले.

ह्या ठिकाणी सुशिक्षित माणूस कधी बिऱ्हाड करील तर मी मिशा उतरवीन, आणि हे मी छापून देतो आहे. विकत घ्यायला एका बुरुडाकडे सुपं होती. त्यानं एक सूप माझ्यापुढे धरून आपणच सांगितलं की मुंबईला आता पत्र्याची मिळतात, ती कुजत नाहीत. आपल्या मालाची निंदा करून तो विकणारा व्यापारी मी पहिल्यांदाच पाहिला. मी सूप घेतलं नाही. बायसिकलवर बांधणार कुठं? ही सबब मी वाटेत बरीच वापरली.

कल्याण

आता जे सांगतो त्यात मी काही वाढवीत नाही. वाढवण्याजोगं राहिलंच नाही.

दुपार उलटल्यावर मी गाडी ढकलीत कल्याणच्या बाजारात शिरलो. बायसिकल पाहायला माणसं जमली. तांब्याची भांडी ठोकणारे तांबट हातोड्या थांबवून बाहेर आले, पोहे कांडणाऱ्या बाया उखळं सोडून आल्या. एक जण म्हणाला, "गाडी आहे तर बसत का नाही?" मला एकदम सुचलं. हे सगळं कल्याण इथं आयतं उभं आहे. ह्यांना माझं तोंड काय दाखवायचं, माल दाखवावा! मी दांड्यावरची वळकटी सोडली. धाबळीची घडी करून बैठकीवर घातली, चांगली जाड. तिच्यावर पीतांबर उलगडून ठेवला, काठ दोन्हीकडे लोंबते सोडले, आणि देवाची पालखी निघावी तशी बायसिकल बाजारातून नेली. घंटी वाजवीत. "ठाण्याचा पीतांबर! हाताच्या मागाचा! पाहून घ्या!"

लोकांनी पाहिलं हो. उन्हात त्या काठाकडे बघून एक म्हातारा तांबट म्हणाला, "आमच्या वेळचं आहे हे." गजांच्या खिडक्यांतून बायकांची डोकी दिसत होती. मी तर मनात दुसरा खड्डा खणूनसुद्धा टाकला होता.

अंबूमावशी दारात उभी होती. तिचा चेहरा पाहून मी घंटी थांबवली.

"गोंद्या, मेल्या, ते कशावर ठेवलंयस?"

"धाबळीवर, मावशी."

"आणि धाबळी कशावर?"

मावशीनं मला अंगणातच दडपे पोहे दिले, बायसिकलीशेजारी. कल्याणचे पोहे, वर ओलं खोबरं, मिरची. जिभेला स्वर्ग. संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायका हळदीकुंकवाला यायच्या होत्या, पीतांबर पाहायला म्हणून मावशीनंच बोलावलेल्या. त्या आल्या आणि ओटीवर दूर बसल्या. मी अंगणातून ऐकत होतो.

"धाबळी होती गं खाली."

"होती, पण मारुतीच्या देवळापाशी सरकली. काठ लागला कातड्याला. मी गजांतून पाहिलं."

"तुझी माडी तर मागच्या आळीला!"

"म्हणून काय झालं? आमच्या जाऊबाईंनी पाहिलं."

"काठ नाही, पदर लागला."

"पदर आणि काठ दोन्ही लागले म्हणतात."

मला राहवेना. मी अंगणातून ओरडलो, "अहो, हे विणलं किरिस्तावानं, ते चालतं ना?"

"ते रेशीम आहे," एक वयस्क बाई शांतपणे म्हणाल्या. "विणणाऱ्याचा हात रेशमाला लागत नाही."

"आणि मुंबईचं रेशीम पेटीतून येतं, त्या पेटीला कातड्याचे पट्टे असतात. मी आमच्या कचेरीत पाहिले आहेत."

"आम्ही पाहिले नाहीत ना," त्या बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्यावर हायकोर्टात अपील नाही.

शहाड

मावशी लढणारी बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पीतांबर काठीवर घेऊन माझ्या हातात दिला. "शहाडला जा. उल्हास नदीच्या वाहत्या पाण्यात बुडवून आण. स्नान करून, ओलेत्यानं, चालत. ती मेली गाडी इथंच राहू दे."

शहाडला नदीला गुडघाभर पाणी. थंडी अशी की मी बुडी मारली तेव्हा माशांनी चुकचुक केली असेल. मी पीतांबर प्रवाहात सोडला, दोन्ही टोकं धरून. पाणी त्याच्यावरून जात होतं आणि तो खाली पिवळा-जांभळा हलत होता. सगळी नदी तेवढ्या जागेपुरती रंगीत दिसत होती. रंगाचा एक थेंब उतरला नाही. वरच्या दगडावर कपडे धुणारी एक बाई हातातलं धुणं सोडून बघत राहिली. तिचं एक धोतर वाहून गेलं, तेही तिला कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

दातांचा चौघडा वाजवीत परत आलो. मावशीनं वस्त्र वाळवलं, उन्हात उलटंपालटं पाहिलं, स्वतः घडी घातली. मग बायकांना पुन्हा बोलावलं.

"धुतलंय," मावशी म्हणाली. "उल्हासात. आता काय?"

बायकांनी दुरूनच घडी न्याहाळली. मग कालच्याच वयस्क बाई म्हणाल्या, "आता शुद्ध आहे, अंबू. पण आता कोरं नाही. लग्नात मुलीला धुतलेलं नेसवणार का?"

मी पाहिलं, मावशीचे खांदे एकदम खाली आले. न धुवावं तर कातडं, धुवावं तर जुनं. असा पेच टाकायला तिन्ही ठाणेकर वकील एकत्र बसले असते तरी साधलं नसतं.

"मग मी नवा विणून आणवतो!" मी म्हटलं. "आज सांगा, मी आज निघतो. डोक्यावरून आणीन. काकू, तुम्ही सांगा. तुम्ही?"

त्या एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, "पाहू पुढं." दुसरी म्हणाली, "ह्यांना विचारते." तिसरी म्हणाली, "ठाण्याचं म्हटलं की आता आपली ती गाडीच आठवायची हो." सगळ्या हसल्या, वाईट मनानं नव्हे, आणि त्या हसण्याबरोबर सगळं संपलं, हे मला कळलं. शिवी दिली असती तर मी भांडलो असतो.

त्या गेल्यावर मावशी मांडीवर पीतांबर घेऊन बसली. तिची बोटं काठावरून सारखी फिरत होती.

"मला ठाऊक आहे रे काय कापड आहे ते," ती म्हणाली. "पण यमूची सासू ह्याच आळीतल्या बायकांची नात्यागोत्याची. पहिल्या दिवसापासून पोरीला टोमणा. मी कशी घेऊ?"

"तुझ्यासाठी तरी ठेव."

"माझा आहे. तो मला पुरून उरेल." तिनं घडी माझ्या हातात दिली. "त्या विणणाऱ्याला सांग, दोष कापडात नव्हता."

उरलेल्या दोन दिवसांत मी कल्याणातली दारं ठोठावली. बायसिकल न घेता गेलो. माणसं बसा म्हणत, गूळपाणी देत, ठाण्याला माग कसे होते त्याच्या आठवणी माझ्याहून जास्त वाढवून सांगत. "काय ते रेशीम! आमच्या आजीचं आम्ही आठ जणांनी वापरलं." मग नवं घ्या की! "छे हो, आता ते कुठं मिळतं?" मी हातातला पीतांबर पुढे करी. "वा," म्हणत आणि पानाचा डबा पुढे करीत. खडवलीला माझे एक दूरचे मामा आहेत, तिथवर आगगाडीनं गेलो. मामांनी पीतांबर पाहिलाच नाही. त्यांना बायसिकल कुठं आहे ते विचारायचं होतं. कीर्ती तिथवर पोचली होती.

पुन्हा ठाणे

रविवारी सकाळी ठाण्याला उतरलो. किरिस्तावांच्या देवळाची घंटा वाजून गेली होती. फुसकी बायसिकल ढकलीत आळीत आलो. कान देऊन ऐकलं. शेळ्या ओरडत होत्या.

माग सोडलेला होता. त्याची लाकडं भिंतीला उभी लावली होती आणि काशीबाईंचा गडी ती चुलीसाठी न्यायला आला होता. पास्कू मिसेच्या कपड्यांतच होता, पांढरा सदरा. त्यानं माझ्या हातातली घडी पाहिली.

विचारलं मार्थानं. "बायांनी हात लावून पायला?"

इथं मला बोलता यायला हवं होतं. अख्खं कल्याण कसं लोटलं, तांबटांनी हातोड्या कशा थांबवल्या, हे सगळं खरंच घडलं होतं. मला एक अक्षरही पदरचं घालायला नको होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"एकीनं लावला," मी म्हटलं. "माझ्या मावशीनं. ती म्हणाली, दोष कापडात नव्हता."

"मंग कशान व्हता?" मार्था म्हणाली. मी बायसिकलकडे पाहिलं, तिनंही पाहिलं.

"नदीत बुडवलं," मी पास्कूला सांगितलं. "रंग उतरला नाही."

"नाय उतराचा," तो म्हणाला.

पीतांबर त्यांनी घेतला. कोणी नेसणारं त्या घरात नव्हतं. मार्थानं तो पेटीत, कपड्यांच्या तळाशी, घातला आणि पेटी बंद केली. दुपारच्या गाडीनं पास्कू जाणार होता, ती महिनाभरानं. घर भाऊबंदांकडे जायचं होतं. तेव्हा खड्डा बुजवून द्यायचा होता, कोणाचा पाय पडू नये म्हणून. मागच्या दारी माती आणून टाकली होती. मी कोट काढला आणि टोपली उचलली. आम्ही तिघेजण माती टाकू लागलो. एवढासा खड्डा, पण माती खातच राहिला. टोपलीमागून टोपली ओतावी आणि तो तसाच. किती पिढ्यांच्या पायांनी तो खाली खाली खणत नेला होता कोण जाणे. पास्कूचा सदरा मळला, मार्था टोपल्या भरत राहिली.

खड्डा वीतभर उरला तेव्हा पास्कू दम खायला त्याच्या काठावर बसला. आपल्या जागेवर. पाय खाली सोडले; आता घोटेसुद्धा आत मावत नव्हते. मी टोपली घेऊन उभा होतो आणि पाहतो तो त्याचे पाय हलू लागलेले. उजवा खाली, डावा वर. डावा खाली, उजवा वर. मोकळ्या मातीवर. त्याचं लक्ष बाहेर रस्त्याकडे होतं. पाय हलताहेत हे त्याच्या गावीही नसावं.

मार्था भरलेली टोपली घेऊन त्याच्या समोर येऊन थांबली.

"पाय काडा अवो," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. मग पायांकडे पाहिलं. पाय थांबले नाहीत.

"काडतू," तो म्हणाला. "यवरा हात विणून होवदे."

मार्था टोपली कमरेवर धरून उभी राहिली.